आईच्या मुठीतली तूर

माझं काम उभं राहण्याचं. राळेगाव आगारात मी कंडक्टर आहे. गाडी खड्ड्यातून उसळते, वळणावर कलते, समोर अचानक म्हशी आल्या की ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो आणि बाकावर बसलेले लोकसुद्धा पुढच्याच्या पाठीवर आदळतात. मी मात्र दोन्ही हातांत तिकिटाचं मशीन धरून मधल्या वाटेत उभी असते. कुठे धरलेलं नसतं. "बाई, तुमी पडत काहून नाई?" असं एखादी म्हातारी विचारते तेव्हा मी "सवय" म्हणून पुढे सरकते. गप्पा मारायला मला वेळ नसतो, आणि तसा स्वभावही नाही. पण आईचं जे झालं त्यानंतर हा प्रश्न कुणी विचारला की मी खाली आपल्या पायांकडे बघते. मी पडत नाही, कारण पायाखाली काय चाललंय ते पाय मला न विचारता वर कळवत असतात. आईच्या पायांनी ते कळवणं बंद केलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला देवी म्हटलं.

घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. वडील मी शाळेत असतानाच गेले. माझं लग्न पुसदला झालं होतं. पटलं नाही, परत आले. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. शेत रस्त्याला लागून आहे, राळेगावची गाडी आमच्या धुऱ्याजवळूनच, म्हणजे शेताच्या बांधाजवळूनच जाते. काही ओळी कपाशीच्या, मग एक तुरीची, पुन्हा कपाशी, असं आमचं पीक.

आता बहुतेकांची पेरणी ट्रॅक्टरने होते. दादा तूर मात्र बैलांच्या मागेच पेरतो, आणि ते आईमुळे. आमच्याकडे सरता म्हणतात तो म्हणजे बांबूची पोकळ नळी, तिच्या तोंडाशी लाकडाची वाटी. बैल ओढतात त्या पेरणीच्या तिफनीच्या मागे तो बांधलेला असतो आणि बाई त्याच्यामागे चालत मुठीतून वाटीत दाणे सोडत जाते. ऐकायला सोपं वाटतं. पण तिफन थांबत नाही, पाय ढेकळांत असतात, आणि दाणे मात्र सारख्या अंतराने पडावे लागतात. आई मुठीकडे बघतच नसे. ती बैलांच्या पाठीपलीकडे कुठेतरी बघत, गावातल्या कुणाच्या तरी उखाळ्यापाखाळ्या काढत चाले, आणि तिचा अंगठा बोटावरून सरकत राही. मुठीत किती उरलं, दाणा कधी सुटला, सगळं त्या अंगठ्याला माहीत. पेरलेल्या ओळीला आम्ही तास म्हणतो. आईचं तास उगवलं की रस्त्यावरून जाणारे लोक सायकल थांबवून बघत. पेरणीच्या दिवसांत तिला दुसऱ्यांच्या शेतांतूनही बोलावणं येई. ती आढेवेढे घेई, "मले घरचं काम नाई का," म्हणे, आणि मनातून खूश होऊन जाई.

एका वर्षी ते तास बिघडलं. एका जागी तुरीचा पुंजका, मग हातभर काहीच नाही, मग पुन्हा पुंजका. दादा बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन दुकानदाराशी भांडायला गेला आणि बोगस बियाणं म्हणून भर बाजारात आरडाओरडा करून आला. दुसरं काही त्याच्या डोक्यात आलंच नाही. माझ्याही नाही. नांग्या भरत, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा दाणे लावत, आई मात्र सगळ्या शेतभर ओणवी फिरली.

त्याच पावसाळ्यात चालता चालता तिच्या पायातली चप्पल निसटायची आणि तिला पत्ता नसायचा.

"माय, चप्पल कुठी हाये?"

ती खाली बघायची आणि हसायची. "मांगं राह्यली वाटते."

आम्हीही हसायचो. हातातून पातेलं सुटलं तर म्हातारपण. पायांना मुंग्या आल्या तर दिवसभर चिखलात उभं राहिल्यामुळे. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं.

नवरात्रात गावच्या देवळात रोज आरती असते. आरती संपता संपता सगळे हात जोडून, डोळे मिटून जागच्या जागी एक फेरी घेतात. चालायला लागल्यापासून आपण ती घेतो, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. त्या संध्याकाळी आईने डोळे मिटले, अर्धी फेरी झाली आणि ती हलायला लागली. आधी थोडी, मग चांगलीच, पुढे-मागे, भरलं शिंकं हलावं तशी. पावलं धपधप आपटत सावरायला बघत होती. शेजारच्या बाईने तिला धरायचं सोडून हात मागे घेतले आणि ओरडली, "देवी आली वं!" डफडं वाजवणाऱ्याने जोर केला. वहिनी माझ्या शेजारी उभी होती, ती सरळ आईच्या पायांवर पडली. आणि कुणीतरी पुढे होऊन आईच्या कपाळाला कुंकू लावलं.

त्या कुंकवानेच सगळा घात केला असं मला वाटतं. वडील गेल्यापासून आईच्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं. हळदीकुंकवाला बाया जमल्या की ती आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायची, कुणाला सांगावं लागत नसे. आणि आता भरल्या देवळात, मळवट भरावा तसं कुंकू. आईने डोळे उघडले आणि हलणं थांबलं. आधी ती घाबरलेली होती. मग तिने कपाळाला हात लावला, बोटांवरचा लाल रंग बघितला, आणि तिचा चेहरा असा झाला की मी तोंडाशी आलेलं बोलणं गिळून टाकलं. देवी अंगात येणं वगैरे मला पटत नाही. गाडीत कुणी घुमायला लागलं तर मी त्याला पुढच्या फाट्यावर उतरवते. पण आईला त्या देवळातून खाली उतरवायची माझी छाती झाली नाही.

मग मंगळवारी घरी बाया यायला लागल्या. आई ओसरीत उभी राही, डोळे मिटे, आणि डोळे मिटले की डोले. एकही मंगळवार चुकला नाही. बाया तिचे पाय धूत, पायांवर कुंकू वाहत, कुणी नातवाचं दुखणं सांगे, कुणी सुनेचं गाऱ्हाणं. आई फार काही बोलत नसे, "होईन चांगलं" एवढंच. ती सोंग करत नव्हती. आईला साधं खोटं बोलता येत नाही असं तेव्हा माझं मत होतं. एकदा मी तिला एकटीला गाठून खोदून विचारलं.

"डोये मिटले का माहे पाय माहे राह्यतच नाई, पोरी," ती म्हणाली. "कोनी तरी दुसरंच उभं राह्यते माह्या जागी."

मी ताट घेऊन जेवायला बसले.

वहिनीच्या माहेरी एक रीत आहे. ज्याच्या अंगात देवी येते त्याने आपल्या आवडीचं काहीतरी देवीच्या नावाने सोडायचं. आमच्या घरात मांस-अंडं पहिल्यापासून नाही, तेव्हा ते सोडण्यात काही अर्थ नव्हता. आईला आवडायचं दूध. संध्याकाळी भाकर कुस्करून त्यावर दूध, दुपारी वाटीभर दही. तिने दूध सोडलं, दही सोडलं, ताकही सोडलं. चहासुद्धा काळा प्यायला लागली. गोठ्यात गाय दूध देत होती आणि ते दूध सकाळी देवळात जात होतं. आई रोज स्वतः ते गडव्यात ओतून द्यायची, आणि ओतताना अर्धं बाहेर सांडायचं.

मधल्या पेरणीत सरता वहिनीने धरला, आणि दुसरं नवरात्र आलं तोवर आई भिंत धरून चालू लागली होती. पाय गरजेपेक्षा उंच उचलायची आणि धपकन टाकायची. नजर सतत जमिनीवर. जी बाई आयुष्यभर मान वर करून, अख्ख्या गावाची खबर घेत चालली, ती आता खाली बघून तोंड मिटून चालायला लागली. दिवेलागणीनंतर अंगणात जाणं तिने बंद केलं. बिना बघता जेवायला गेली तर घास गालाला लागायचा. वहिनी म्हणे, हा देवीचा भार आहे, सोसावा लागतो.

"भार व्हते तं देवीले सांग, जराशी कमी खात जाय," मी म्हणाले.

वहिनी त्यावर माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मला ती शांतता बरीच वाटली, खरं सांगायचं तर.

मग एका सकाळी आई मोरीत तोंड धूत होती. साबण लावला, डोळे मिटले, आणि पडली. मी धावत गेले तेव्हा तोंडावर फेस तसाच होता आणि कपाळ दगडाला लागून फुटलं होतं. मी पदराने रक्त आणि साबण दोन्ही पुसत होते. तेव्हा ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "आज तं मंगळवार नाई वं. आज काहून आली थे?"

मी पुसायची थांबले. देवळात असो की मोरीत, ही डोळे मिटले की पडते. देवीला आरतीचं निमित्त चालत असेल, साबणाचं कसं चालेल? इतकी साधी गोष्ट, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर घडत होती. मी आगारात फोन करून रजा टाकली.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात वहिनीही हट्टाने बरोबर आली, कमरेला कुंकवाची पुडी खोचून. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आधी आईला आपला हात ढकलायला सांगितला, मग पायाने रेटायला सांगितलं. ताकद भरपूर होती, डॉक्टरांची खुर्ची मागे सरकली. मग त्यांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा टेबलावर आपटून आईच्या घोट्याच्या हाडावर टेकवला.

"थरथर लागते का, आजी?"

"थंड लागते," आई म्हणाली.

मग डोळे मिटायला सांगून त्यांनी तिच्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरला आणि हळूच हलवत विचारलं, वर की खाली? आई शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं देत होती, बाईंना आवडेल असं काहीतरी. वर असला की खाली, खाली असला की वर. एकदा त्यांनी अंगठा हलवलाच नाही, तेव्हाही ती खात्रीने "वर" म्हणाली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"आता उभ्या राहा. पाय जोडा. मी धरते आहे, घाबरू नका. डोळे मिटा."

आईने डोळे मिटले आणि ती डोलायला लागली. तशीच, देवळातल्यासारखी. माझ्या शेजारी वहिनीने पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि दवाखान्याच्या फरशीवर गुडघे टेकले. डॉक्टरांनी आईला दोन्ही खांद्यांना धरून ठेवलं होतं, त्या माझ्याकडे बघायला लागल्या. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"देवी येते त्याईच्या अंगात," वहिनी खालूनच म्हणाली. "दूध बी सोडलं त्याईनं देवीसाठी."

डॉक्टरांनी आईला खुर्चीत बसवलं. "दूध कधीपासून सोडलंय?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला.

रक्त तपासलं, पाठीचा फोटो काढला, आणि मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. पायांत ताकद आहे, दोष ताकदीत नाही. पाय कुठे आहे, जमीन कशी आहे, कुठे कलली आहे, ही खबर पायातल्या नसांमधून निघून पाठीच्या कण्यातून वर मेंदूला जाते. ती खबर नेणारी वाट आईची झिजली आहे. म्हणून मेंदू डोळ्यांवर भागवतो. डोळे मिटले की तोही आधार जातो आणि माणूस डोलतो, पडतो. हातांच्या बोटांचंही तेच. बी बारा नावाचं जीवनसत्त्व लागतं त्या नसांना. ते मांस-अंड्यात असतं, आणि ते न खाणाऱ्यांना दुधादह्यातून थोडंफार मिळतं. आईला ते आधीपासूनच कमी पडत होतं. "आणि जे थोडं मिळत होतं, तेही बंद झालं," डॉक्टर म्हणाल्या. इंजेक्शनं सुरू करू. काही परत येईल, सगळं येईलच असं नाही. उशीर झालाय. हे त्या अजिबात न रागावता म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मी उलट रागावले असते आणि मला बरं वाटलं असतं.

आईने एकच गोष्ट विचारली. "पेरणीपरेंत हात येईन न माहा?"

"बघू," डॉक्टर म्हणाल्या. त्या 'बघू'चा अर्थ मला चांगला कळतो. गाडी खच्चून भरलेली असते आणि फाट्यावर माणसं हात दाखवत उभी असतात, तेव्हा मीही त्यांना मागच्या गाडीचं बघू म्हणूनच सांगते.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. कपाळाला पट्टी. ती बराच वेळ आपल्या पायांकडे बघत होती. मग म्हणाली, "मंग थ्या बाया पाय धूत व्हत्या, थे कोनाचे?"

"तुहेच न, माय."

"मले तं समजतच नोतं कोनी हात लावला तं. मी म्हटलं, देवीचे झाले." आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. लोक बघत होते. गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता, त्याने आमच्याकडे तिकीट मागितलं नाही, नुसताच पुढे गेला.

पुढच्या मंगळवारी बाया आल्या तेव्हा आई खाटेवर बसून होती. "देवी नोती, बाई. नस व्हती," तिने सगळ्यांना सांगितलं. काहींना ते पटलं. काहींनी मी दवाखान्यात नेऊन देवी घालवली म्हणून मला बोल लावला, तोंडावर नाही, विहिरीवर. त्यानंतर मंगळवार रिकामे झाले आणि आईचं कपाळही. दुधाची वाटी पहिल्यांदा तिच्या हातात दिली तेव्हा ती ओठांपर्यंत नेऊन तशीच थांबली. "देवी रागवन का वं?" तिने विचारलं. उत्तर वहिनीने दिलं, मी नाही. "नाई रागवत. तुमी प्या," ती म्हणाली, आणि वाटीला खालून हात लावला.

अंगठ्याची ती परीक्षा डॉक्टरांनी मला शिकवली होती. रोज सकाळी ड्यूटीवर निघायच्या आधी मी आईला खाटेवर निजवून, डोळे मिटायला लावून तिच्या पायाचा अंगठा हलवायचे. सुरुवातीला सगळं चूक. मग तिच्या पायांची जळजळ कमी झाली, घरातल्या घरात भिंत सुटली, घास सरळ तोंडात जायला लागला. आणि होळीच्या सुमारास उत्तरं बरोबर यायला लागली. वर. खाली. खाली. वर. मी इतकी खूश होते की त्या दिवसांत मी सुट्या पैशांवरून कुणाशी भांडले नाही. ड्रायव्हरने विचारलंसुद्धा, बाई बरी आहे ना म्हणून. दादा म्हणाला, असं असेल तर यंदा सरता आईच धरेल. आई नव्या नवरीसारखी लाजली, आणि बियाण्याची ओटी धुऊन तारेवर वाळत घातली.

पेरणीच्या दिवशी मी रजा घेतली. दादाने बैलं जुंपली. आईने कमरेला ओटी बांधली, तीत तूर भरली आणि सरत्याच्या वाटीवर मूठ धरली. पडलीच तर धरायला मी बाजूने चालत होते. वहिनी पलीकडच्या धुऱ्यावर बसली होती. दादा पुढे बघत होता, कारण तिफन हाकणाऱ्याने मागे बघितलं की तास वाकडं जातं.

पहिली काही पावलं आई मुठीकडे बघत चालली. दाणे सुरेख पडत होते. मला तर गहिवरून आलं. मग तिचा पाय ढेकळावर गेला आणि तो ढेकळावर गेला हे तिला कळलंच नाही. घोटा वळला, ती दोन्ही गुडघ्यांवर आली, ओटीतली तूर मातीत सांडली.

"दादा, थांब!" मी ओरडले.

"थांबू नोको!" आई माझ्याहून मोठ्याने ओरडली. "एक तास तं होऊ दे माह्या हातानं."

ती उठली आणि आता तिने नजर पायांवर लावली. पाय नीट पडायला लागले. मी तिच्या मुठीकडे बघितलं. दाण्यांचा एक पुंजका एकदम वाटीत गेला. नंतर काहीच नाही. अंगठा बोटावरून सरकत होता, अगदी तसाच, इतकी वर्षं सरकत आला त्याच चालीवर, आणि मूठ रिकामी होती. तिला ते माहीत नव्हतं. तिच्याकडे डोळ्यांची एकच जोडी होती. ती पायांना दिली की हात जात होता, हाताला दिली की पाय. मी अधूनमधून सहज म्हणावं तसं "मूठ भर, माय" म्हणत राहिले. ती भरायची. पुंजका पडायचा, आणि पुन्हा रिकामी मूठ चालत राहायची. त्या रिकाम्या मुठीइतकं वाईट मी आजवर काही बघितलेलं नाही.

पलीकडच्या धुऱ्याशी तिफन वळली. आईने घाम पुसला. "बरोबर पडली न तूर?"

"हो," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग ओटी सोडली आणि वहिनीच्या कमरेला बांधली.

आम्ही दोघी बाभळीखाली बसलो. वहिनी तिफनीमागे जात होती. आई तिच्याकडे बघत म्हणाली, "अंगठा पाहत व्हती मी."

"कोनता अंगठा?"

"पायाचा. तू रोज हालवत व्हती न थो. डोये किलकिले करून पाहत व्हती."

माझा भडका उडाला. "कायले पण? मले फसवून काय मियालं तुले?"

"तू हासत जात व्हती वं ड्यूटीवर," आई म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं परत येईलच असं नाही म्हणून सांगितलं होतं. जे परत येणार नव्हतं ते मला त्या बाभळीखाली कळलं. आम्ही दोघी रडलो, आणि बैलं वळून आमच्याकडे यायला लागली तेव्हा दोघींनी तोंडं पुसली.

तूर उगवली ती मला गाडीतून दिसली. वहिनीची तासं बऱ्यापैकी होती. रस्त्याच्या बाजूचं पहिलं तास आईचं. पुंजका, रिकामी माती, पुंजका. रोज चार वेळा मी त्याच्यावरून जाते, बघायचं नाही म्हटलं तरी नजर जाते. एका सकाळी त्या तासात वहिनी ओणवी दिसली. नांग्या भरत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी गेली तेव्हा तिने मान वर केली नाही आणि मीही घरी गेल्यावर विषय काढला नाही. त्या दिवसापासून मी तिला टोचून बोलणं जवळजवळ सोडलं आहे. पण नांगीतली तूर मागून उगवते आणि आखूडच राहते. ज्याला ठाऊक आहे त्याला ते गाडीतूनही दिसतं.

आई आता शेतात येत नाही. घरात काठी घेऊन फिरते, अंगणापर्यंत येते. इंजेक्शन महिन्याचं झालं आहे. आहे तिथे थांबलं हेही चांगलं, असं डॉक्टर म्हणतात, आणि ते खरंच आहे. देवळात ती आता बसूनच आरती करते. पण रोज संध्याकाळी मी घरी आले की तिचा एकच प्रश्न असतो.

परवाही मी अंगणात पाय ठेवला आणि तिने खाटेवरून विचारलं, "माहं तास कसं हाये?"

"चांगलं हाये. एकसारखं."

"तुही वयनी बी असंच म्हणते," ती म्हणाली. मग काठी आडवी मांडीवर घेऊन म्हणाली, "डोये मिटून सांग."

मी हसले. ती हसली नाही. खांद्याला बॅग, हातात मशीनची पेटी, अशी मी अंगणाच्या मधोमध उभी होते. मी डोळे मिटले. मला पुंजके दिसले, त्यांच्या मधली काळी माती दिसली, आणि तिचा सरकणारा अंगठा दिसला.

"एकसारखं हाये, माय," मी म्हणाले. "सुतात."

मी तशीच थांबले, डोळे मिटून, कशालाही न धरता. माझे पाय जरासुद्धा हलले नाहीत, आणि आई त्यांच्याकडे बघत होती.